प्रेशर आलं का, काकाजी?

कोराडीच्या वीज केंद्रात मी तीस वर्षं कंट्रोल रूममध्ये बसलो, आणि त्या तीस वर्षांत माझं नाव कामापेक्षा एका भलत्याच गोष्टीसाठी झालं होतं. आठ तासांच्या शिफ्टमध्ये मी एकदाही लघवीला उठत नसे. हसू नका. बाथरूम वीस पावलांवर होतं. शेजारच्या पॅनलवरचा माणूस दर शिफ्टला म्हणायचा, "जाऊन ये ना गा, मी पाहतो." कुणाची मनाई नव्हती. पण मला त्यात मोठेपणा वाटायचा. समोर सगळे काटे हलून राहिलेत, हा गडी चहावर चहा पिऊन राहिला आणि खुर्ची काही सोडत नाही. लोक म्हणायचे, "याची टाकीच वेगळी आहे बाप्पा!" मी मिशीतल्या मिशीत हसायचो. याच टाकीपायी पुढं माझ्या दोन्ही किडन्या जायची पाळी येईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पंचेचाळिसाव्या वर्षी शुगर निघाली आणि सगळा तोरा उतरला. तासातासाला उठावं लागायचं. तहान लागायची, पाणी प्यायचो, परत उठायचो. पॅनलवर शेजाऱ्याला रोज हात जोडायची वेळ आली. घरी बायको पोळ्या लाटता लाटता विचारायची, "काहो, कुठी गेली तुमची टाकी? फुटली का?" डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गोळ्यांशी माझं कधी जमलं नाही. आठवण झाली तर घ्यायची, तब्येत बरी वाटली तर कायले घ्यायची, असा माझा हिशेब. त्यापेक्षा जांभळाच्या बियांची पावडर बरी वाटायची. ती मी स्वतः वाळवायचो, स्वतः कुटायचो. आपल्या हातचं औषध म्हटल्यावर त्याचा गुण येणारच, अशी माझी पक्की समजूत होती.

रिटायर झालो, केंद्राची कॉलनी सोडली, शहरात घर बांधलं. सकाळी बागेत फिरायला जाणारे पाच-सहा जण जमले. आणि तेव्हाच कधीतरी माझ्या लक्षात आलं की मी आता दिवसातून तीनदाच जातो. पुढच्या वर्षी दोनदा. मला किती आनंद झाला सांगू! बागेत उभा राहून मी जाहीर केलं, "राजेहो, आपली शुगर गेली." पुरावा काय? टाकी परत जागेवर आली, आणखी काय पाहिजे? त्या दिवसापासून मी पावडरीचा प्रचारक झालो. डब्या भरभरून वाटल्या. आमच्यात लकडगंजचा एक लाकडाचा व्यापारी होता, त्यालाही शुगर. बिचाऱ्याला बागेच्या एका फेरीत दोनदा मुतारीकडे पळावं लागायचं. त्यानं महिनाभर पावडर खाल्ली आणि म्हणाला, "तुझ्या पावडरीनं मले तर काहीच फरक नाही पडला गा." मी म्हटलं, "तू मनापासून घेत नाही."

माझ्या बायकोला मात्र ही बातमी काही पटली नव्हती. ती शाळेत शिकवायची, मोजायची सवय तिला जन्माची. एकदा चारच्या सुमारास चहा पुढ्यात ठेवून म्हणाली, "सकाळी एकदा गेले तुम्ही. आता चार वाजून राहिले. इतकं पाणी पिता, ते जाते कुठी?"

"घामात जाते."

"डिसेंबरात?"

मी पेपर वर केला.

खरं सांगायचं तर कुरबुरी सुरू झाल्या होत्या. धार बारीक झाली होती. पोटावर हात दाबून जोर लावावा लागायचा. वर्षात दोनदा हुडहुडी भरून ताप आला, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी उतरला. मी सगळं वयावर ढकललं. पासष्टाव्या वर्षी कुणाची धार चांगली असते, असं मी मलाच समजावून सांगायचो.

मग ते लग्न झालं. कॉलनीतल्या जुन्या दोस्ताची मुलगी. आमच्याकडच्या लग्नात नवरा-नवरी पांढऱ्यात, आणि आम्ही म्हातारेही हौसेनं पांढरा कुर्ता-पायजमा घालून जातो. वंदना झाली, फुलं टाकून झाली, जयभीम घालून जेवायला बसलो. मी सकाळी सातला घरून निघालो होतो, आता दीड वाजला होता, आणि मला कशाचीही गरज वाटली नव्हती. दोस्तानं जुन्या शिफ्टमधला एक किस्सा काढला आणि मी खदखदून हसलो. हसता हसता मांडीला काहीतरी कोमट लागलं. खाली पाहिलं. पांढऱ्या पायजम्यावर डाग पसरत होता. जोर नाही, कळ नाही, काही नाही, आणि मी ओला! अंगातलं सगळं रक्त तोंडावर आलं. समोर नवरीचे मामा, शेजारी बायका. आता उठायचं कसं?

बायको माझ्या बाजूलाच होती. तिनं एकदा माझ्या तोंडाकडं पाहिलं, एकदा खाली पाहिलं, आणि आपला मठ्ठ्याचा भरलेला ग्लास सरळ माझ्या मांडीवर पालथा केला. "अवं माय! पाहा बरं माझा हात! बाप्पा, सगळे कपडे भिजवले मी यायचे." सगळे तिलाच हसले, तिलाच सांभाळून घेतलं. ती मला हाताला धरून नळाकडं घेऊन गेली, आणि तिथून सरळ ऑटोत घेऊन बसली. ऑटोत म्हणाली, "उद्या डॉक्टर. आता पावडरीचं नाव काढाल तर डबी रस्त्यावर फेकीन."

डॉक्टर म्हणजे मूत्रविकाराच्या एक मॅडम. त्यांनी आधी सोनोग्राफीला पाठवलं. ज्यानं ही तपासणी केली आहे त्याला तिथला देखावा माहीत असेल. भरपूर पाणी प्यायचं, आणि लघवीचं प्रेशर आलं की सिस्टरला सांगायचं. बाकावर सात-आठ जण होते. कुणी पायावर पाय आवळून बसलेलं, कुणी व्हरांड्यात येरझारा घालून राहिलं, एक बाई तर भिंत धरून उभी होती आणि सिस्टरला म्हणत होती, "पोरी, आता घे वं मले, नाही तर इथंच होईन." मी निवांत. एक बाटली प्यालो. सिस्टर आली, "प्रेशर आलं का, काकाजी?" म्हटलं, नाही. दुसरी बाटली प्यालो. माझ्या मागून आलेले तिघं आत जाऊन, मोकळे होऊन, घरीसुद्धा गेले. "आलं का, काकाजी?" नाही. सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही मला जुना गर्वच वाटत होता. मी बायकोला कोपरानं ढोसलं, "पाह्यलं? सगळे नाचून राहिले, आपण बसून आहो."

तिसरी बाटली अर्धी झाल्यावर ती उठली आणि सिस्टरला म्हणाली, "यायले प्रेशर येतच नाही. तुम्ही असंच पाहून घ्या."

आत सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पोटावर थंडगार जेली लावली आणि मशीन फिरवायला लागले. ओटीपोटावरून सुरू केलं ते वर वर जात बेंबीपर्यंत आले आणि थांबले. "काका, खरंच काही वाटून नाही राहिलं?" नाही. "बरं, जाऊन या." मी गेलो, दाबून दाबून जेवढी होईल तेवढी केली, परत येऊन झोपलो. त्यांनी पुन्हा मोजलं. सहाशेच्या वर मिली आतच होती. म्हणजे मी मोकळा होऊन आलो तेव्हा माझ्या पोटात पाण्याच्या अर्ध्या बाटलीपेक्षा जास्त शिल्लक होती, आणि मला पत्ताच नव्हता.

मॅडमनी रिपोर्ट पाहिला आणि आधी विचारलं, गोळ्या नियमित घेता का? बायकोनं माझ्याकडं पाहिलं, मी पंख्याकडं पाहिलं. मग त्यांनी कागदावर फुग्यासारखं चित्र काढून समजावलं. मूत्राशय भरत आलं की त्याच्या नसा वरती निरोप पाठवतात. शुगर वर्षानुवर्षं चढी राहिली की त्या नसाच बधिर होतात. निरोप येत नाही म्हणून माणूस जात नाही, जात नाही म्हणून ते आणखी ताणतं, आणि ताणून ताणून सैल झालं की आकसायचा जोरच उरत नाही. अर्धी बाहेर येते, अर्धी आत साचते. साचलेल्यात जंतू वाढतात, तो माझा थंडीताप. काठोकाठ भरली की वरून सांडते, ते लग्नातलं. प्रोस्टेटचा त्यात फार दोष नव्हता.

"पण मॅडम, माझ्या मित्रालाही शुगर आहे, तो तर सारखा पळतो," मी शेवटची वकिली केली.

"तेही त्यातलंच. काहींच्या नसा अशा बिघडतात की घोटभर साचली तरी पळावं लागतं. काहींच्या तुमच्यासारख्या. पहिल्याला निदान कळतं तरी."

"मले वाटलं, माझी शुगर बरी झाली."

"शुगर नाही गेली काका. खबर देणारा गेला." मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "आणि हा सगळा दाब मागं किडन्यांवर जातो आहे. दोन्हींना सूज आहे. आत्ता थोडी आहे, असंच चाललं तर किडन्या जातील."

ते ऐकून मला शुगर, किडनी काही आठवलं नाही. मला आठवला एक काटा. बॉयलरच्या माथ्यावर एक मोठं पिंप असतं. त्यात पाणी किती आहे ते दाखवणारा काटा आम्ही डोळ्यांत तेल घालून पाहायचो. पाणी कमी झालं तर नळ्या जळतात, जास्त झालं तर टर्बाइन धोक्यात. चालत्या बॉयलरचा हा काटा कधी स्वस्थ बसत नाही, इकडं तिकडं थरथरत राहतो. एके दिवशी तो एकाच जागी थांबला, अगदी मध्यावर. पॅनलवरचे सगळे खूश. मी ओरडलो, "हलत नाही तो काटा मेला समजा! आत काय चाललं ते आता आपल्याले माहीतच नाही." माणूस वर पाठवला, तर मापाची नळी चोंदलेली निघाली. ही गोष्ट मी प्रत्येक नव्या ऑपरेटरला सांगितली. घरी जेवताना तर इतक्यांदा सांगितली, की मी तोंड उघडलं की बायकोच शेवटचं वाक्य म्हणून टाकायची. आणि मी! माझ्याच पोटातला काटा मेला, तर मी बागेत पावडर वाटली.

मॅडमनी कपाटातून एक बारीक नळी काढून दाखवली. ही दिवसातून चार-पाच वेळा आपल्या हातानं आत घालायची, मूत्राशय रिकामं करायचं, काढून टाकायची. मी सुई टोचतानाही डोळे मिटणारा माणूस. मी मान इतकी हलवली की त्या थांबल्या. म्हणाल्या, "ठीक आहे, दोन महिने पाहू. जोर येवो न येवो, दर तीन तासांनी घड्याळ पाहून जायचं. बसून करायची, पाच मिनिटं थांबायचं, परत करायची. किती झाली ते मोजून लिहायचं. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आत साचलेली कमी झाली तर ठीक, नाही तर ही नळी. किडन्या वाचवायच्या असतील तर तिसरा रस्ता नाही."

लिहायचं म्हटल्यावर मला हुरूप आला. काट्यांचे आकडे लॉगशीटवर भरण्यात जन्म गेला होता. मोठं रजिस्टर आणलं, लाल शाईनं रकाने आखले: वेळ, किती मिली, शेरा, सही. दिवसाच्या तीन शिफ्ट पाडल्या. सहीसाठी बायकोला शिफ्ट इन्चार्ज केलं. आता मोजायला भांडं पाहिजे, म्हणून मी स्वयंपाकघरातला आकडे छापलेला मग उचलला. "माय वं! तांदूळ मोजायचा मग आहे तो!" ती अशी ओरडली की शेजारीण गच्चीवर आली. मग नवा आणला, आणि चुकून ओट्यावर येऊ नये म्हणून तिनं त्यावर लाल नेलपॉलिशनं फुली मारली. मोबाइलवर गजर लावला. मी भाजी घ्यायला गेलो तरी फोन करायची, "तीन वाजले, घरी या." दूधवाल्यालासुद्धा आमचं वेळापत्रक पाठ झालं.

पहिले पंधरा दिवस मी इमानदारीनं लिहिलं. एकशेऐंशी. नव्वद. दोनशेवीस. काहीच नाही. एकशेचाळीस. आकडे पाहून माझा धीर सुटत चालला. इतकी कमी बाहेर येते म्हणजे बाकीची आतच. म्हणजे नळी. डोळे मिटले की ती नळी दिसायची.

आमच्या कामात एक पाप होतं. पॅनलवर न जाता, बसल्या जागी सगळ्या शिफ्टचं लॉगशीट मनानं भरून टाकायचं. असं करताना सापडला, तर मी त्या माणसाला सोडत नसे. तेच पाप मी घरी केलं. सकाळी चहा पिता पिता दिवसभराचे आकडे लिहून मोकळा व्हायचो. गजर वाजला की बाथरूममध्ये जायचो, नळ सोडायचो, उभा राहायचो आणि बाहेर यायचो. जोर नाही तर कायले बसायचं? ती बिचारी रात्री एकदाच सही करायची, चष्मा न लावता.

एका दुपारी मी आंघोळीहून आलो तर ती रजिस्टर घेऊन बसली होती. हाताला पीठ, डोळ्यांवर चष्मा. शांतपणे म्हणाली, "आता साडेबारा वाजून राहिले. इथं आज संध्याकाळी सहाचं लिहून आहे. तीनशे."

मी ओलं डोकं पुसत राहिलो.

तिनं मागची पानं उलटली. "काल तीनशे. परवा तीनशे. तेरवा तीनशे." मग चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "हा काटा हलत काहून नाही?"

मी चिडलो. चोर पकडला गेला की आधी चिडतोच. "तुले काय समजते त्यातलं?"

"मले नाही समजत? तीस वर्षं जेवताना हेच ऐकलं मी!" तिचा आवाज चढला आणि मधेच फुटला. "हलत नाही तो काटा मेला, म्हणे. दुनियेले शिकवलं अन् घरात मेलेला काटा दाखवून राहिले मले? डॉक्टर काय हे पाहून ठरवन? मशीनमध्ये दिसनच ना. तुमच्या किडन्या गेल्या तर मी काय या रजिस्टरसंगं बोलत बसू?"

ती रडायला लागली. लग्नात मठ्ठा सांडला तेव्हा नाही, किडनीचं ऐकलं तेव्हा नाही, आता रडली. मी तिच्या शेजारी बसलो आणि खरं होतं ते बोललो. "मले त्या नळीचं भेव वाटते वं. लई भेव वाटते." लग्नाला चाळीस वर्षं झाली, हा शब्द मी तिच्यासमोर पहिल्यांदा उच्चारला.

तिनं पदरानं डोळे पुसले, पिठाचा पट्टा गालावर ओढला गेला. रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "मग तसं लिहा ना. शेऱ्याचा रकाना कायले आखला?"

आणि मी लिहिलं. खोट्या पानांवर तिरप्या रेघा मारल्या, "रीडिंग खोटं" असं लिहून खाली सही केली, आणि त्या दुपारच्या शेऱ्यात लिहिलं: नळीची भीती वाटते. तिनंही सही केली.

दोन महिन्यांनी मॅडमनी रजिस्टर पानपान पाहिलं. रद्द केलेल्या पानांवर थांबल्या, शेऱ्यावरही थांबल्या. हसल्या नाहीत. सोनोग्राफीत साचलेली पाचशेच्या वरच निघाली, किडन्यांची सूज उतरली नव्हती. मी विचारायच्या आधीच त्यांनी कपाट उघडलं. तिथल्या ब्रदरनं एका दुपारी सगळं शिकवलं. हात धुवायचे, जेली लावायची, श्वास सोडायचा, घाई करायची नाही. दुखलं नाही, असं म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीपायी मी दीड महिना झोपलो नाही, ती पाच मिनिटांत उरकली. घरी पहिल्यांदा केलं तेव्हा बायको दाराबाहेर उभी होती. आतून आवाज येईना तसा तिचा धीर सुटला आणि तिनं सिस्टरच्याच आवाजात विचारलं, "प्रेशर आलं का, काकाजी?" मला असं हसू फुटलं की नळी हातातून सुटता सुटता राहिली.

सहा महिन्यांनी किडन्यांची सूज उतरली. मॅडम म्हणाल्या, हे आता कायमचं, सोडायचं नाही. म्हटलं, सोडतो कशाला. बागेत जाऊन मी सगळ्या डब्या परत मागितल्या आणि माझं काय झालं ते पायजम्यासकट सांगितलं. लकडगंजवाला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडं गेला, त्याचं पळणं आता पुष्कळ कमी आहे. दुसरा एक जण जरा वेळानं मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी पण दोनदाच जातो गा हल्ली." त्याला मी बागेच्या फाटकावरूनच मॅडमकडं जायला ऑटोत बसवलं.

रजिस्टर अजून चालू आहे, आता चौथं. कालचे आकडे तीनशेऐंशी, चारशेवीस, तीनशेदहा, तीनशेनव्वद. रात्री जेवणं झाली की ती चष्मा लावते, प्रत्येक आकड्यावर बोट ठेवत खाली येते. "हलून राहिला," म्हणते, आणि सही करते.